वेळावदरच्या गवतावर हॅरियर

वेळावदरला लोक जातात ते काळविटांसाठी. भावनगर जिल्ह्यातलं हे राष्ट्रीय उद्यान जेमतेम ३४ चौरस किलोमीटरचं, पूर्वी भावनगर संस्थानचं कुरण. काळवीट आम्हीही पाहिले, पोटभर पाहिले. पण दुपार कलल्यापासून गाडीतल्या सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे. हिवाळ्यात मध्य आशियाकडून आलेले हॅरियर, म्हणजे घारीसारखे शिकारी पक्षी, दिवसभर आसपासच्या शेतांवर नाकतोडे टिपत हिंडतात आणि सूर्य खाली आला की इथल्या गवतात, चक्क जमिनीवर, मुक्कामाला उतरतात.

‘पहले चाल देखो, रंग बाद में,’ आमचा गाइड कॅमेरेवाल्यांना सारखा बजावत होता. पटण्यासारखंच होतं. घार उडताना तिची दुभंगलेली शेपटी सुकाणूसारखी सतत वळत असते. हे पाहुणे मात्र गवताच्या शेंड्यांना जवळजवळ खेटून येत होते. चार-पाच वेळा पंख मारायचे, मग तरंगायचं, आणि तरंगताना पंख ‘व्ही’ आकारात वर उचललेले. एवढं दिसलं की हॅरियर नक्की. पॅलिड, माँटेग्यू की मार्श, यातल्या कुठल्या जातीचा, ते पुढचं.

नर सोपे. पॅलिडचा नर इतका फिकट की उन्हात पांढराच वाटतो. पंखाच्या टोकाला काळी, निमुळती पाचर. माँटेग्यूचा नर जास्त राखाडी, टोकाला काळं जास्त आणि पंखावरून आडवी गेलेली एक काळी रेघ. ती रेघ दिसली की विषय संपला. मार्श हॅरियर अंगानं थोराड, पंखही रुंद. त्याची मादी गडद चॉकलेटी आणि डोकं फिकट पिवळसर, त्यामुळे लांबूनही कळते.

डोकं खातात त्या पॅलिड आणि माँटेग्यूच्या माद्या. दोघी तपकिरी, दोघींच्या शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा. एक मादी गाडीच्या अगदी समोरून वळली. गालावर गडद डाग, त्याच्या मागे स्वच्छ फिकट गळपट्टी. पॅलिड! माँटेग्यूच्या मादीला अशी गळपट्टी नसते; तिच्या पंखाखालचे आडवे गडद पट्टे मात्र ठळक, सुटेसुटे दिसतात. अर्थात तिनं पंख उचलून दाखवले तर.

उजेड गेला तरी पक्षी येतच होते. त्या सगळ्यांपुढे वहीत ‘पॅलिड किंवा माँटेग्यू’ एवढंच लिहिलं आणि फाटक बंद व्हायच्या आत गाडी वळवली.