डावीकडचा माणूस: ओहायो स्टेटचा २०२४चा हंगाम

५ ऑक्टोबर
अमेरिकन कॉलेज फुटबॉल. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघाने आयोवाला हरवलं, ३५-७. पाचपैकी पाच सामने खिशात. सगळीकडे चर्चा जेरेमाया स्मिथची. पोरगा पहिल्या वर्षाला आहे आणि एका हाताने पास झेलतोय, त्यामुळे ते साहजिकच. पण या संघाचं खरं भांडवल त्याच्यापासून लांब, चेंडूच्या रेषेवर वाकून उभ्या असलेल्या, समोरच्यांना अडवणाऱ्या पाच जणांत आहे. मध्ये सेंटर सेथ मॅकलॉफलिन, त्याच्या डावीकडे गार्ड डोनोव्हन जॅक्सन आणि टोकाला लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स. उजवीकडे टेग्रा त्शाबोला आणि जॉश फ्रायर. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवून पास फेकणारा विल हॉवर्ड, उजव्या हाताने फेकतो. फेकायला वळला की डावी बाजू त्याच्या पाठीशी जाते आणि तिकडून येणारा माणूस त्याला दिसतच नाही. त्या माणसाला एकट्याने थोपवायचं काम सिमन्सचं.

१२ ऑक्टोबर, युजीन
ओरेगन ३२, ओहायो स्टेट ३१. पूर्वार्धातच सिमन्सचा गुडघा गेला. उरलेल्या हंगामात तो नाही.

शेवटच्या दहा सेकंदांत ओरेगनने जे केलं ते लिहून ठेवायला हवं. मैदानात अकराऐवजी बारा जण उतरवले. दंड फक्त ५ यार्डांचा, पण त्या डावात (चेंडू सुटून थांबेपर्यंत) गेलेली ४ सेकंदं परत मिळत नाहीत. ६ सेकंद उरली. हॉवर्ड चेंडू घेऊन पळाला, घसरत खाली बसला, तोवर घड्याळ शून्यावर. तिथून टाइमआउट घेऊन फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून मारून ३ गुण) मारायचा होता, एक सेकंद कमी पडला. चूक म्हणा किंवा चलाखी, नियमातली फट खरी होती. (आठवड्याच्या आतच नियमाचा नवा अर्थ लागू झाला: शेवटच्या दोन मिनिटांत असं घडलं, तर आक्रमण करणाऱ्या संघाला घड्याळ मागे नेऊन मागता येईल.)

२६ ऑक्टोबर
नेब्रास्कावर २१-१७, तोही घरच्या मैदानात आणि धापा टाकत. धावून मिळाले अवघे ६४ यार्ड. सिमन्सच्या जागी झेन मिचाल्स्की होता. कबड्डीत साखळीतल्या एकाचा हात सुटला की चढाईवाला नेमका तिथूनच निघतो, तसंच झालं. एक टॅकल कच्चा असला की नुकसान फक्त त्याच्या बाजूचं होत नाही. शेजारच्या गार्डला त्याच्या मदतीला झुकावं लागतं, त्यामुळे मधली वाट बुजते. पाठीमागचा धावपटूही अडवायला थांबवावा लागतो, म्हणजे पास घ्यायला एक माणूस कमी. आज हे सगळं एकाच दुपारी दिसलं, आणि वर मिचाल्स्कीही जखमी झाला.

२ नोव्हेंबर, स्टेट कॉलेज (पेन स्टेटचं गाव)
उत्तर सापडलं, आणि ते संघातच होतं. गार्ड जॅक्सनला डावीकडे सरकवून टॅकल केलं, गार्डच्या जागी कार्सन हिन्झमन. ऐकायला सोपं वाटतं. गार्डला दोन्ही बाजूंना आपली माणसं असतात. जागा अरुंद, पहिल्याच पावलाला धडक, आणि ताकदीवर निभावतं. टॅकलच्या बाहेरच्या बाजूला मोकळं रान. त्याला स्नॅपबरोबर (सेंटरने चेंडू मागे देताच) मागे-मागे सरकत पाय टाकावे लागतात. घाईने पुढे झुकला की समोरचा बाहेरून निसटतो, फार मागे गेला की आतून घुसतो. हे सगळं जॅक्सनने हंगामाच्या मध्यात शिकायचं, आणि पहिल्याच परीक्षेत समोर पेन स्टेटचा अब्दुल कार्टर, क्वार्टरबॅकवर कडेने तुटून पडणारा!

२०-१३ ने जिंकले. चौथ्या क्वार्टरमध्ये पेन स्टेटला टोकाच्या रेषेपासून ३ यार्डांवरून चार संधी होत्या, बचावाने चारही परतवल्या. पण जास्त आवडलं ते त्यानंतरचं: चेंडू हातात, पाच मिनिटांहून थोडा जास्त वेळ शिल्लक, आणि सलग अकरा वेळा नुसतं धावून घड्याळ संपवलं. एकही पास नाही. नेब्रास्काविरुद्ध हीच ओळ दोन यार्डांसाठी झगडत होती.

१९ नोव्हेंबर
सरावात मॅकलॉफलिनची टाचेमागची अकिलिस शीर तुटली. आता हिन्झमन सेंटरला आणि त्याच्या जागी आणखी एक नवा माणूस. सेंटर फक्त चेंडू मागे देत नाही. समोरची मांडणी वाचून कोणी कोणाला अडवायचं हे तोच पुकारतो, म्हणजे आवाजही बदलला.

२३ नोव्हेंबर
इंडियाना, आजवर अपराजित. ३८-१५. ओळ टिकली.

३० नोव्हेंबर
मिशिगन १३, ओहायो स्टेट १०. सलग चौथ्या वर्षी पराभव. अंदाज वीसेक गुणांनी जिंकण्याचा होता.

मिशिगनने पासवर ६२ यार्ड केले, फक्त ६२, आणि तरी जिंकले. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. मिशिगनचे मेसन ग्रॅहॅम आणि केनेथ ग्रँट हे दोन आडदांड खेळाडू बरोबर मधोमध उभे, आणि ओहायो स्टेटने चेंडू पुन्हा पुन्हा त्यांच्याच अंगावर नेला. तीन नव्या जागांवर उभी असलेली ओळ, आणि नेमक्या तिच्या सर्वांत नवख्या भागातून धावायचा हट्ट. २६ वेळा धावून ७७ यार्ड. पास झेलणारे स्मिथ आणि एमेका एग्बुका बाहेर उभेच. त्यात हॉवर्डची दोन इंटरसेप्शन (मिशिगनच्या हाती गेलेले पास) आणि जेडन फील्डिंगचे दोन हुकलेले फील्ड गोल. प्रशिक्षक रायन डे यांना मिशिगनपेक्षा आपण दांडगे आहोत हे दाखवायचं होतं, असंच वाटत राहिलं. सामन्यानंतर झेंडा रोवण्यावरून मैदानात हाणामारी, पोलिसांचा मिरपूड फवारा. लाज वाटावी असं.

२१ डिसेंबर, कोलंबस
राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांसाठी गेल्या वर्षीची चार संघांची पद्धत असती तर दोन पराभवांनंतर हंगाम इथेच संपला असता. यंदा प्रथमच बारा संघ. आठवं मानांकन, त्यामुळे पहिली फेरी स्वतःच्या मैदानात. टेनेसीवर ४२-१७, पहिल्या क्वार्टरलाच २१-०. बदल एकच आणि साधा: आधी पास, नंतर धाव. हॉवर्डचे ३११ यार्ड. चेंडू झटपट हातातून सुटला की टॅकलला कमी वेळ तग धरावा लागतो, आणि बचाव पसरला की तीच मधली वाट आपोआप उघडते. तीन आठवडे आधी सुचलं असतं तर!

१ जानेवारी २०२५, रोझ बोल (उपांत्यपूर्व फेरी)
ओरेगनवर ४१-२१. एका क्षणी ३४-०. स्मिथ ७ पासांत १८७ यार्ड. ओरेगनचा क्वार्टरबॅक आठ वेळा सॅक (पास फेकण्याआधीच खाली पाडला), त्यामुळे त्यांचे धावण्याचे एकूण यार्ड उणे २३. जॅक्सन आता टॅकल म्हणूनच जन्मल्यासारखा खेळतो.

१० जानेवारी, उपांत्य फेरी
टेक्सासवर २८-१४. स्कोअर फसवा आहे. २१-१४ असताना टेक्सास टोकाच्या रेषेपासून एका यार्डावर होतं. दुसऱ्या संधीला त्यांनी चेंडू बाजूला टाकून कडेने धावायचं ठरवलं आणि ७ यार्ड गमावले. एका यार्डासाठी इतकं मागे आणि आडवं जायचं कशाला, हे अजून कळलेलं नाही. चौथ्या संधीला ओहायो स्टेटच्या जॅक सॉयरने टेक्सासचा क्वार्टरबॅक क्विन युअर्सच्या हातून चेंडू पाडला, उचलला आणि ८३ यार्ड पळत सुटला. युअर्स ओहायो स्टेटमध्ये असताना दोघं एकाच खोलीत राहायचे.

२० जानेवारी, अटलांटा (अंतिम सामना)
नोत्र दामची सुरुवात १८ डावांची, पावणेदहा मिनिटांची, टचडाउनने (चेंडू टोकाच्या रेषेपलीकडे नेऊन) संपलेली. मग ओहायो स्टेटचे सलग चार टचडाउन, हॉवर्डचे पहिले तेरा पास तेराही बरोबर. ३१-७ वरून ३१-२३ पर्यंत सामना आला तेव्हा मात्र पोटात गोळा.

चारपैकी तिसरी संधी, चेंडू आपल्याकडे राखायला ११ यार्ड हवे. धावून घड्याळ पळवायची सोय होती. मिशिगनविरुद्ध तेच केलं असतं. आज हॉवर्ड मागे सरकला, डावीकडे जॅक्सन उभा, बाहेर स्मिथवर एकटा पहारेकरी. ५६ यार्ड. मग फील्डिंगचा ३३ यार्डांवरून फील्ड गोल, २६ सेकंद बाकी असताना. ३४-२३.