किंकाळी कुठल्या ट्रॅकवर?

‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ हा भयपट सुमारे १५ हजार डॉलरमध्ये एका घरात चित्रित झाला. पॅरामाउंट स्टुडिओने २००९ मध्ये तो थिएटरांत लावला आणि जगभरात १९ कोटी डॉलरच्या वर गल्ला झाला. ‘टॉक टू मी’ हा भयपट यूट्यूबवर स्टंट-हाणामारीचे व्हिडिओ करणाऱ्या दोन ऑस्ट्रेलियन भावांचा. २०२३ च्या सनडान्स चित्रपट महोत्सवात गाजल्यावर अमेरिकेसाठी तो ए-२४ या वितरण कंपनीने घेतला. जोखीम निर्मात्याची, वितरण स्टुडिओचं, ही वाटणी भयपटांत रुळली आहे. स्वस्त ॲक्शनपटही त्याच वाटेने जाणार, असं माझं मत. म्हणून पिक्चर लॉक झालं, म्हणजे चित्राचं संकलन पक्कं झालं, एवढ्यावर खूश होऊ नका. चित्रपट विकत घेणारा पुढ्यात डिलिव्हरीची (काय काय द्यायचं त्याची) यादी ठेवतो, आणि त्यात हमखास अडकायला होतं ते एम अँड ई ट्रॅकवर.

एम अँड ई (म्युझिक अँड इफेक्ट्स) म्हणजे संवाद वगळून उरलेला सगळा आवाज: संगीत, इफेक्ट, फोली (पावलं, कपडे वगैरेंचे नंतर स्टुडिओत करून घेतलेले आवाज). परभाषेतलं डबिंग याच्यावरच होतं, आणि भुताला किंवा मारामारीला भाषेची अडचण तशी कमीच. गडबड अशी होते: सिंक साउंडमध्ये, म्हणजे शूटच्या वेळीच आवाज घेताना, संवादाच्या माइकवरच पावलं, दाराची कडी, कपड्यांची सळसळ आलेली असते. संवाद म्यूट केला की तेही जातं आणि तेवढा भाग ठार मुका होतो. त्यामुळे प्रत्येक लोकेशनवर, दिवे-पंखे टेकच्या वेळी होते तसेच ठेवून, ६० सेकंद रूम टोन (कुणी बोलत नसतानाचा त्या जागेचा आवाज) घ्या. (युनिटला मिनिटभर गप्प बसवणं स्टंटपेक्षा अवघड.) आणि फोली फक्त सुन्या जागी नको, संवादाखालीही पूर्ण भरा.

आता किंकाळी. ती संवादात टाकली तर डबमध्ये नाहीशी होते. इफेक्टमध्ये टाकली तर दुसऱ्या भाषेतल्या नटीच्या आवाजाशी जुळत नाही. म्हणून किंकाळ्या, धापा, कण्हणं, ठोसा खाल्ल्यावरचं ‘हंऽ’ हे सगळं वेगळ्या ट्रॅकवर ठेवायचं. डब करणारा हवं ते उचलतो. मोठ्या किंकाळ्या दिवसाच्या शेवटी घ्या, कारण नंतर घसा बसतो. बूम (काठीवरचा माइक) एका चॅनलवर नेहमीच्या लेव्हलला, दुसऱ्यावर १२ डेसिबल खाली. ३२-बिट फ्लोट (फार मोठा आवाजही न फाटता नोंदवणारा) रेकॉर्डर आहे म्हणून बेफिकीर राहू नका. आवाज माइकमध्ये किंवा वायरलेस ट्रान्समीटरमध्येच फाटला, तर रेकॉर्डर काही करू शकत नाही.

चित्राचं थोडक्यात. सेकंदाला २४ फ्रेमवर शूट करताना आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेत शटर १/५० सेकंद ठेवा. हाणामारी धारदार दिसावी म्हणून १/२०० केलंत, तर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी लुकलुकतात. तो शॉट दिवसाच्या उजेडात किंवा फ्लिकर-फ्री दिव्यांत उरका. फोनवर शूट असेल तर फ्रेम रेट स्थिर ठेवणारं ॲप वापरा, नाहीतर लांब टेकमध्ये आवाज चित्रापासून हळूहळू सरकतो.

शेवटी कागद. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क हस्तांतरणाच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मित्राने प्रेमाने दिलेली कथा असो की पार्श्वसंगीत, मुदत आणि ‘जगभर’ हे स्पष्ट लिहून घ्या. स्टॉक संगीताच्या लायसन्समध्ये थिएटर रिलीज बसतं का तेही बघा, स्वस्त प्लॅनमध्ये पुष्कळदा बसत नाही. आणि प्रेत म्हणून आडवा केलेला मावसभाऊ? रिलीज फॉर्मवर (पडद्यावर दाखवायच्या परवानगीच्या कागदावर) त्याचीही सही, उठून घरी जायच्या आधी.