खनिजांच्या गोळ्या आणि रोजचं जेवण: मेळ कसा घातला

गोळीची मात्रा ठरवण्याआधी जेवणातून किती मिळतंय हे कळायला हवं. म्हणून मी सुरुवात वहीपासून केली. आठवडाभर जे पोटात जाईल ते मापासकट लिहायचं. पेला किती मि.ली.चा, वाटी किती ग्रॅमची, हेही एकदा मोजून ठेवायचं. अंदाजपंचे लिहिलं की पुढचं सगळं गणित चुकतं.

कॅल्शियमचा हिशेब सर्वांत सोपा. प्रौढ माणसाची रोजची गरज साधारण 1000 मि.ग्रॅ. 100 मि.ली. दुधात सुमारे 120 मि.ग्रॅ. असतं. दूध-दही मिळून 500 मि.ली. झालं की 600, इतर जेवणातून 150 धरले तर 750. म्हणजे तूट 250 ची. आता गोळीचं लेबल बघा. 'कॅल्शियम कार्बोनेट 1250 मि.ग्रॅ.' हे वजन अख्ख्या संयुगाचं आहे. त्यात कॅल्शियम 40 टक्के, म्हणजे 500 मि.ग्रॅ. अर्धी गोळी पुरली! गोळी कॅल्शियम सिट्रेटची असेल तर कॅल्शियम 21 टक्केच भरतं. लेबलवर 'एलिमेंटल', म्हणजे निव्वळ खनिजाच्या वजनाचा, आकडा सापडेपर्यंत कोणतीही गोळी मी हिशेबात धरत नाही.

कार्बोनेट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ते जेवणासोबतच घ्यावं. सिट्रेट केव्हाही चालतं. आम्लपित्ताच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांना तेच बरं. एका वेळी 500 मि.ग्रॅ.पेक्षा जास्त घेतलं तर शोषणाचं प्रमाण घटतं. आणि पालकाचं कॅल्शियम जमेत धरू नका: ऑक्झलेट नावाच्या द्रव्यामुळे त्यातलं जेमतेम 5 टक्के अंगी लागतं, दुधातलं मात्र 30 टक्क्यांच्या आसपास.

लोहाला सर्वांत जास्त वेळ द्यावा लागला, कारण इथे गोळी आणि जेवण एकमेकांच्या आड येतात. चहा-कॉफीतली टॅनिनसारखी द्रव्यं, धान्य-कडधान्यांतलं फायटेट आणि कॅल्शियम ही तिन्ही लोहाचं शोषण अडवतात. त्यामुळे लोहाची गोळी शक्यतो उपाशीपोटी, लिंबूपाण्यासोबत घ्यायची. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी दोन तास लांब. मळमळ झाली तर थोडं खाऊन घ्यावी. शोषण कमी होईल, पण गोळी बंद पडण्यापेक्षा ते परवडलं. शौचाचा रंग काळपट होतो, तो अपेक्षितच असतो. मात्र डांबरासारखी चिकट, दुर्गंधीयुक्त शौच झाली तर लगेच डॉक्टरांना गाठा. एका मात्रेनंतर शरीरात हेप्सिडिन हे लोहाचं शोषण रोखणारं संप्रेरक वाढतं आणि दुसऱ्या दिवशीचं शोषण घटतं, म्हणून काही डॉक्टर दिवसाआड गोळी देतात. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) तपासल्याशिवाय लोह सुरूच करू नये: जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, ते यकृतात साठत जातं. गोळ्या मुलांच्या हाताला लागू देऊ नका, मोजक्या गोळ्याही लहान मुलाच्या जिवावर बेततात.

कडधान्यं भिजवून मोड आणली, पीठ आंबवलं की फायटेट कमी होतं. गोळी वाढवण्याआधी हा उपाय करून बघावा असं माझं ठाम मत आहे. यातून लोह आणि झिंक दोन्ही जास्त मिळतं.

झिंकमध्ये घात होतो तो बेरजेत. मल्टिव्हिटॅमिनमधलं, सर्दीच्या चघळायच्या गोळ्यांतलं आणि वेगळ्या गोळीतलं झिंक एकत्र मोजायला हवं. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा 40 मि.ग्रॅ. त्याहून जास्त मात्रा बरेच दिवस चालू राहिली तर तांब्याचं शोषण रोखलं जातं आणि त्यातून रक्तक्षय, हातापायांना मुंग्या असा त्रास उद्भवतो.

मॅग्नेशियमने जुलाब होत असतील तर गोळीत मॅग्नेशियम ऑक्साइड आहे का ते बघा आणि सिट्रेट किंवा ग्लायसिनेट कमी मात्रेत घ्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर विचारल्याशिवाय मॅग्नेशियम नकोच.

वेळापत्रक आखताना इतर औषधं आधी मांडा. थायरॉइडची गोळी आणि लोह किंवा कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवं. सकाळी उठल्यावर थायरॉइडची गोळी, दुपारच्या जेवणाआधी तासभर लोह, रात्रीच्या जेवणासोबत कॅल्शियम, अशी मांडणी बसते. टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखं अँटिबायोटिक सुरू झालं, तर तेवढे दिवस खनिजं थांबवायची की वेळ बदलायची, हे डॉक्टरांनाच विचारा.