अहवालात लोह ‘पुरेसे’, बाग मात्र पिवळी

तासगावच्या बाजूच्या अण्णा नावाच्या एका द्राक्ष बागायतदाराच्या मातीचं परीक्षण मीच केलं होतं. उपलब्ध लोह किलोला ५.८ मिलिग्रॅम. पिकाला मिळू शकणारं लोह मोजायच्या डीटीपीए पद्धतीत आकडा ४.५ च्या वर गेला की अहवालात ‘पुरेसे’ असं आपोआप छापून येतं. आणि खरड छाटणीनंतर त्यांच्या बागेचे शेंडे पिवळेजर्द, शिरा तेवढ्या हिरव्या. अण्णा अहवाल घेऊनच आले. “साहेब, लोह पुरेसं आहे, मग पानं अशी का?”

बेसाल्ट झिजून झालेल्या आपल्या काळ्या मातीत लोहाला तोटा नाही. पण सामू (पीएच) ८ च्या पुढे आणि चुनखडी भरपूर असली की ते फेरिक ऑक्साइड-हायड्रॉक्साइड होऊन बसतं, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. अण्णांनी दुकानदाराच्या सांगण्यावरून ड्रिपमधून हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, सोडलं होतं. त्यांच्याच विहिरीचं पाणी बादलीत घेऊन मी त्यात मूठभर हिराकस टाकलं. फिकट हिरवं पाणी आधी गढूळ झालं, मग तपकिरी, आणि तळाला गंजासारखा गाळ बसला. मातीतही हेच होतं. सामू न विचारता पोती विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

नंतर बागेत गेलो. त्याच हिराकसाचं अर्धा टक्का द्रावण आरओच्या पाण्यात केलं, चिमूटभर सायट्रिक ॲसिड घातलं आणि संध्याकाळी ब्रशनं पानाच्या मधल्या शिरेच्या एकाच बाजूला लावलं. आठवडाभरात लावलेली बाजू हिरवी झाली, दुसरी पिवळीच राहिली. भूक लोहाचीच होती.

तरी पानाच्या देठाच्या परीक्षणातही लोह कमी निघालं नाही, आणि तेच माझ्या डोक्यातून जात नाही. चुनखडीच्या जमिनीत असं होतं हे माहीत आहे: लोह पानापर्यंत पोचतं, पण वापरता येईल अशा रूपात राहत नाही. मग आमचा आकडा नेमकं काय मोजतो?

जमिनीतून द्यायला मी ईडीडीएचए चिलेट, म्हणजे लोहाला धरून विरघळलेलं ठेवणारं संयुग, सुचवलं. त्या लालसर भुकटीत लोह फक्त ६ टक्के, पण ८ च्या वरच्या सामूतही ते टिकून राहतं. ईडीटीए या दुसऱ्या चिलेटच्या पुडीवर १२ टक्के लिहिलेलं असतं, भावही कमी, म्हणून लोक तेच उचलतात. चुनखडीत त्यातली लोहाची जागा कॅल्शियम घेतं आणि पैसे वाया जातात.

मुक्त चुनखडी जास्त निघाली तर लोहापुढे ‘पुरेसे’ छापू नका, असं मी वरिष्ठांना सांगितलंय. संगणकातला नमुना ठरलेला आहे, असं उत्तर मिळालं. तोवर शेरा मी पेनानंच लिहितोय.