फेरीबोट ॲप: मांडवीतली बोट आता अडखळत नाही

रायबंदर–चोडण आणि जुने गोवे–दिवाडी मार्गांवर बोट साधारण कुठे पोचली असेल, हे दाखवणारं माझं फ्लटर (गूगलचं ॲप बनवायचं साधन) ॲप. नकाशा, वेळापत्रक बसलंय. या खेपेला काम फक्त बोटीच्या चालीवर. नदीच्या मध्यावर ती ठेचकाळत होती.

ॲनिमेशन अडखळलं की कर्व्ह (वेग कसा कमी-जास्त होतो ते) आणि कालावधी बदलत बसणं म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. आधी बघायचं ते हे की प्रत्येक फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरच्या प्रत्येक नव्या चित्राला, नेमकं काय काय नव्याने रंगवलं जातंय. आणि तेही खऱ्या फोनवर, वेग मोजण्यासाठी असलेल्या प्रोफाइल मोडमध्ये. डीबग मोडमधल्या आकड्यांवर विसंबू नका. 60 हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात, 120 हर्ट्झवर 8.3. डेव्हटूल्समध्ये (फ्लटरचं तपासणीचं साधन) प्रत्येक फ्रेमला यूआय (स्क्रीनची मांडणी ठरवण्याचा वेळ) आणि रास्टर (ती प्रत्यक्ष रंगवण्याचा वेळ) असे दोन खांब दिसतात. माझे दोन्ही या वेळमर्यादेच्या रेषेच्या वर.

यूआयचं कारण लगेच सापडलं: ॲनिमेशन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या लिसनरमध्ये (दर फ्रेमला चालणारा कोड) सेटस्टेट, म्हणजे बोट तसूभर हलली तरी अख्खी स्क्रीन पुन्हा बिल्ड. फक्त हलणारा भाग पुन्हा बिल्ड करणारा ॲनिमेटेडबिल्डर घातला, बोटीचं चित्र त्याच्या चाइल्डमध्ये दिलं, म्हणजे ते दर वेळी नव्याने बनत नाही. खांब खाली आला.

रास्टर मात्र हटेना. मग डेव्हटूल्समधलं 'हायलाइट रीपेंट्स' चालू केलं. हे एकदा तरी बघाच! ज्या भागाचं रंगकाम पुन्हा होतं त्याच्या चौकटीचा रंग बदलतो. हलत होती इवलीशी बोट, पण रंग बदलत होता पूर्ण नकाशाच्या कडेचा: दोन्ही काठ, धक्के, सावल्या, सगळंच दर फ्रेमला नव्याने. नकाशा आणि बोट एकाच लेयरवर होते. बोटीभोवती तिला वेगळा लेयर देणारी रीपेंटबाउंडरी घातली, आणि चौकट तेवढ्यापुरती लुकलुकू लागली. पण ही बाउंडरी सगळीकडे पेरू नका, प्रत्येक लेयर मेमरी खातो.

दुसरी तक्रार उडीची. बोट अर्ध्यात असताना दिशा बदलली की ती थेट धक्क्यावर जाऊन बसायची. कंट्रोलरच्या फॉरवर्डला 'फ्रॉम: 0' (सुरुवातीपासून चाल) दिलेलं होतं, ते काढलं, परतीला नुसतं रिव्हर्स. आता आहे तिथूनच वळते. टाइमडायलेशन 5 करून, म्हणजे पाचपट संथ चालवून, सावकाश बघितलं, कुठे झटका नाही.

पुढे दिवाडीच्या मार्गावर एकाच वेळी दोन बोटी दाखवायच्यात, म्हणजे दोन कंट्रोलर. त्यासाठी एकाच कंट्रोलरला फ्रेमचे ठोके पुरवणारं सिंगलटिकरप्रोव्हायडर चालणार नाही, टिकरप्रोव्हायडरस्टेटमिक्सिन हवं, आणि डिस्पोजमध्ये दोन्ही कंट्रोलर बंद करायचे.