नळपाणी योजनेचा अहवाल आणि अडून राहिलेलं स्वीकृतीपत्र : माझा अनुभव

कॉलेजनं सरकारी यंत्रणेसाठी अभ्यास करणं अवघड नाही. तो यंत्रणेनं स्वीकारणं अवघड आहे. आमचा अहवाल एका कार्यालयात इतका काळ पडून राहिला की ज्या मुलांनी उन्हात फिरून मोजमापं घेतली, ती पदवी घेऊन नोकरीला लागली. आता अहवाल स्वीकारल्याचं पत्र हातात आलंय, तरी राग गेलेला नाही. पण पुढच्या कॉलेजांना उपयोग व्हावा म्हणून लिहितेय.

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी इंजिनिअरिंग कॉलेजात स्थापत्य विभागात शिकवते. राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागानं २०१६ च्या जानेवारीत उन्नत महाराष्ट्र अभियानाचा शासन निर्णय काढला. जिल्ह्यातले प्रश्न जिल्ह्यातल्याच कॉलेजांनी अभ्यासावेत, जिल्हा प्रशासनाला आणि जिल्हा परिषदेला तांत्रिक सल्ला द्यावा, आणि त्याचा रीतसर मोबदला मिळावा, अशी ती कल्पना. मागे आयआयटी मुंबईच्या सितारा या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्राची आणि तिथल्या प्रा. मिलिंद सोहोनी यांच्यासारख्यांची बऱ्याच वर्षांची मेहनत होती. मला ही कल्पना तेव्हाही पटली होती, आजही पटते. योजनेला पाणी का येत नाही हे सांगायला प्रत्येक वेळी मुंबई-पुण्याचा सल्लागार कशाला हवा? आमच्याकडे जमिनीची उंची मोजायची लेव्हल आहे, प्रयोगशाळा आहे, शेवटच्या वर्षाची मुलं आहेत, आणि गाव बसनं तासाभरावर आहे.

सुरुवात सरळ झाली. कॉलेजनं देकार, म्हणजे कामाचा प्रस्ताव दिला, बैठक झाली, काम सुरू करायचा कार्यारंभ आदेश आला. काही नळपाणी योजनांचं मूल्यमापन करायचं होतं. उद्भव, म्हणजे जिथून पाणी उचलतात ती विहीर, पुरेसा आहे का, टाकी आणि वाहिन्या अंदाजपत्रकाप्रमाणे आहेत का, पाणी शेवटच्या घरापर्यंत पोचतं का, हे बघायचं. जिल्हा वार्षिक योजनेत मूल्यमापनासाठी थोडी तरतूद असते, त्यातून खर्च होणार होता.

इथेच एक सांगून ठेवते, नाहीतर राहून जाईल. विहिरीची क्षमता चाचणी उन्हाळ्यातच घ्या. पावसाळ्यानंतर सगळ्याच विहिरी चांगल्या दिसतात. पण एप्रिल-मेमध्ये विद्यापीठाच्या परीक्षा असतात आणि मुलं मिळत नाहीत. म्हणून डिसेंबरमध्येच प्राचार्यांकडून लेखी परवानगी घ्यायची, आणि परीक्षा संपल्यावर थांबायला तयार असलेल्या मुलांचीच तुकडी करायची.

बाकीच्या गावांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. अडलो ते एकाच गावात. गावठाण खाली, वाडी वर, आणि टाकी त्याहून वर टेकाडावर. वाडीला पाणी पुरत नाही ही तक्रार जुनी होती. त्यावर कार्यालयाचं उत्तर ठरलेलं होतं, वाडी उंचावर आहे, दाब मिळत नाही.

आम्ही बादली आणि मोबाईलमधलं घड्याळ घेऊन दारोदार गेलो. गावठाणात पंधरा लिटरची बादली ५० सेकंदांत भरत होती. वाडीच्या टोकाच्या घरी तीच बादली भरायला चार मिनिटं लागत होती. पाणी सुटायचं पाऊण तास. म्हणजे टोकाच्या घराला फार तर अकरा बादल्या, १६५ लिटर. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर हवेत. त्या घरातल्या मावशी म्हणाल्या, "खालच्यांचं भरून झालं की आमच्याकडं करंगळीएवढी धार येती मॅडम, तवर पाणी बंद व्हायची वेळ झालेली असती."

उंचीचं कारण खरं की खोटं, हे बघायला सोपी चाचणी आहे. गावठाणातल्या निम्म्याअधिक नळांना तोट्याच नव्हत्या, पाणी सुटलं की गटारात वाहत राहायचं. सरपंचांशी बोलून आम्ही अर्ध्या तासापुरती त्या सगळ्या नळांना बुचं मारून घेतली. मुलं गल्लीगल्लीत उभी केली. वाडीत टोकाच्या नळाला दाबमापक लावला होता. काटा हळूहळू चढत एक किलोच्या पुढे गेला. दर चौरस सेंटिमीटरला एक किलो म्हणजे दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा दाब. शेजारच्या नळाला अशी धार आली की बायका घागरी घेऊन पळत आल्या. मग गावठाणातली बुचं काढली आणि काटा परत शून्याला टेकला. उंचीचा दोष नव्हता. गावठाण मोकळं सुटल्यावर वाडीसाठी पाणी उरत नव्हतं, एवढंच.

अंदाजपत्रक काढून बघितलं तर योजना आखणाऱ्यांनी हे ओळखलेलं होतं. त्यात टाकीपासून वाडीसाठी स्वतंत्र वाहिनी दाखवली होती. जागेवर मात्र टाकीतून गावाकडे एकच वाहिनी निघत होती आणि वाडीचा पाइप गावठाणाच्या वाहिनीच्या शेवटच्या टोकाला जोडलेला होता. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्यानं व्हॉल्व्हन् व्हॉल्व्ह फिरून दाखवला. ईपानेट हे वाहिन्यांतलं पाणी आणि दाब काढून देणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. त्यात मुलींनी दोन्ही रचना घालून बघितल्या. स्वतंत्र वाहिनी असती तर वाडीला पुरेसं पाणी मिळालं असतं. आम्ही अहवालात लिहिलं, 'अंदाजपत्रकात दर्शविलेली वाडीकरिताची स्वतंत्र वितरण वाहिनी जागेवर आढळून आली नाही.' खाली उपाय आणि त्याचा खर्च दिला.

आणि इथे सगळं थांबलं.

अहवाल ज्या कार्यालयाकडे तपासणीसाठी गेला त्याचं नाव मी लिहीत नाही. आधी काही दिवस तो बारनिशीतून, म्हणजे आवक-जावक टेबलावरून पुढे पोचलाच नाही. मग पोचला, पण साहेब व्हीसीला, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठकीला. मग साहेब दौऱ्यावर. मग एकदा साहेब भेटले, चहा दिला, कामाचं कौतुक केलं आणि म्हणाले, "मॅडम, अहवाल छान आहे. एवढं एक वाक्य काढा, आजच नस्ती पुढं पाठवतो."

कारण उघड होतं. त्या वाहिनीचं मोजमाप पुस्तिकेत नोंदलेलं होतं आणि देयक अदा झालेलं होतं, म्हणजे कागदोपत्री ती टाकून झाली होती. आमचं वाक्य तसंच राहिलं तर कोणाला तरी खुलासा द्यावा लागणार होता. मी म्हटलं, "सर, आम्ही कोणावर आरोप केलेला नाही. जे दिसलं ते लिहिलंय. हे वाक्य काढलं तर वाडीला पाणी का येत नाही याचं कारणच अहवालात राहणार नाही." ते म्हणाले, "कारण लिहा ना, उंचीमुळं."

ज्या उंचीचं कारण आम्ही मापून खोडून काढलं होतं, तेच आमच्या सहीनं परत लिहून हवं होतं. कॉलेजकडे अहवाल मागायचा तो कॉलेजचा या भांडणात कसलाही संबंध नाही म्हणून. ना योजना आम्ही बांधली, ना देयक आम्ही काढलं, ना आम्हाला तिथे निवडणूक लढवायची आहे. आमच्या सहीची किंमत तेवढ्यावरच आहे. ती सही सांगितलेल्या मजकुराखाली करायची असेल तर एवढी पायपीट कशासाठी? मी नाही म्हटलं. याचा मला अभिमान आहे.

पुढचे महिने मग शंकांमध्ये गेले. दाबमापक प्रमाणित आहे का? प्रमाणपत्र जोडलं. विद्यार्थ्यांनी घेतलेली मोजमापं ग्राह्य कशी धरायची? प्रत्येक नोंदीवर प्राध्यापकांची सही होती, ती दाखवली. अहवाल मराठीतून द्या. दिला. मुखपृष्ठावर योजनेचं नाव मंजुरी आदेशाप्रमाणे हवं. बदललं. एका पत्राला उत्तर दिलं की दुसरं पत्र यायचं, आणि त्यात ते वाक्य सोडून बाकी सगळ्याची चर्चा असायची. मधेच बदल्या झाल्या. नवे साहेब म्हणाले, मला प्रकरण समजून घेऊ द्या. दरम्यान ३१ मार्च उलटला आणि आमच्या शुल्काची तरतूद परत गेली. स्वीकृतीपत्राशिवाय देयक निघत नाही, आणि कॉलेजचं लेखा खातं मला विचारायचं की जीएसटीचं बीजक केलंय, पैसे कुठे आहेत?

माझा धीर सुटत आला होता. कॉलेजातले काही सहकारी समजावत होते, काढून टाका वाक्य, पुढची कामं मिळायला हवीत. त्यांचं म्हणणं अगदीच गैर नव्हतं. कॉलेजला अशी कामं हवीच असतात.

वाट निघाली ती संयुक्त पाहणीतून. आमच्याच विभागातल्या एका निवृत्त सरांनी सुचवलं की कागदावर भांडू नका, जमीन उकरायला सांगा. मी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना एक पानाचं पत्र दिलं. आमच्या निरीक्षणाबद्दल शंका असल्यास सर्वांच्या उपस्थितीत चर खोदून खात्री करावी, एवढीच विनंती. अहवाल मान्य करा असं कुठेही लिहिलं नाही. त्यांनी तारीख लावली.

त्या दिवशी शाखा अभियंता, ग्रामसेवक, सरपंच, आम्ही आणि निम्मी वाडी टाकीपाशी जमलो. टाकीच्या पायथ्याशी आडवा चर घेतला. पाइप एकच निघाला. अंदाजपत्रकातल्या आखणीवर आणखी दोन ठिकाणी खोदलं. मुरूम लागला, मग खडक लागला, पाइप नाही. ग्रामसेवकांनी जागेवरच पंचनामा लिहिला आणि सगळ्यांच्या सह्या झाल्या. शाखा अभियंत्यांनीही सही केली, न कुरकुरता. मला वाटतं त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं.

पंचनामा परिशिष्ट म्हणून जोडला आणि अहवाल आमच्या वाक्यासकट स्वीकारला गेला. पत्र आलं तेव्हा मी वर्गात होते. शिपाईमामांनी दारातूनच लिफाफा दाखवला आणि पुढची दहा मिनिटं मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

तर हे काम घेणाऱ्यांना माझं सांगणं. जागेवर मंजूर कामापेक्षा वेगळं काही दिसलं तर अहवाल लिहायच्या आधी संयुक्त पाहणी मागा. खोदणं, पंचनामा, सह्या सगळं तेव्हाच होऊन जाऊ दे. अहवाल गेल्यावर प्रत्येक टेबलाला स्वतःची बाजू असते. कार्यारंभ आदेशात दोन अटी घालून घ्या. एक, अहवालावरचे आक्षेप ठरावीक मुदतीत आणि लेखी यावेत, न आल्यास अहवाल स्वीकृत धरावा. दुसरी, निम्मं शुल्क क्षेत्रीय काम संपल्यावर मिळावं. देकाराच्या वेळी कार्यालयाला काम हवं असतं, तेव्हा या अटी मान्य होतात. नंतर कोणी ऐकत नाही. आणि काहीही दिलं, अगदी एक पान, तरी आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. "मिळालंच नाही" हे उत्तर मी ऐकलंय, आणि शिक्का दाखवून ते बंदही केलंय.

पाणी सोडणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी भेटा. जमिनीखाली काय आहे हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं, आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं. अहवालात मात्र त्याचं नाव घालू नका, त्याची नोकरी गावातच असते.

वाडीच्या स्वतंत्र वाहिनीचं काम ग्रामपंचायतीनं पंधराव्या वित्त आयोगाच्या पाणीपुरवठ्याच्या बंधित (त्याच कामासाठी राखलेल्या) निधीतून आराखड्यात घेतलं आहे. गावठाणातल्या नळांना तोट्या बसवायला त्यांनी आधीच सुरुवात केली, ते काम स्वस्तातलं होतं. आधीच्या देयकाचं पुढे काय झालं ते माझ्या अखत्यारीत येत नाही.

एक राहिलं. जाड अहवाल गावात कोणी वाचत नाही. त्याचा चार पानांचा मराठी गोषवारा करा, नकाशा मोठा छापा, आणि १ मेच्या ग्रामसभेत मुलांकडूनच वाचून घ्या. अहवाल कार्यालयात अडकलेला असताना आम्ही तो वाचला होता. चर खोदायच्या दिवशी निम्मी वाडी टाकीपाशी आली ती त्यामुळेच.