प्रेस्टनला जाणार असाल तर निविदाही बघून या

मँचेस्टरहून प्रेस्टन रेल्वेने साधारण पाऊण तास. स्टेशनातून फिशरगेट या मुख्य रस्त्याने चालत निघालात की पंधरा-वीस मिनिटांत 1875 चं लोखंडी छत दिसतं. त्याखाली 2018 मध्ये उघडलेली काचेची मंडई. रविवार टाळा.

मंडई सुंदरच आहे, पण खरं शिकण्यासारखं आहे ते नगर परिषदेच्या खरेदीखात्यात. शहराच्या मध्यावर सुमारे 70 कोटी पौंडांचा मॉल होणार होता. 2011 मध्ये त्यातलं मुख्य दुकान, जॉन लुईसने अंग काढून घेतलं आणि योजना बारगळली. तेव्हा आपलाच खर्च गावात ठेवायचा म्हणून नगर परिषदेने काउंटी कौन्सिल (जिल्हा परिषदेसारखी संस्था), पोलीस, दोन कॉलेजं आणि एका गृहनिर्माण संस्थेला सोबत घेतलं. स्थानिक अर्थव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्या मँचेस्टरच्या ‘क्लेस’ संस्थेने प्रत्येकाचे सगळ्यांत मोठे 300 पुरवठादार काढून पत्त्यांवरून पैसा कुठे जातो ते तपासलं. 2012-13 मध्ये त्यांच्या खर्चातला जेमतेम 5 टक्के पैसा प्रेस्टनमध्ये उरत होता. 2016-17 मध्ये 18.2. प्रेस्टन धरून सगळ्या लँकशायर काउंटीत 39 वरून 79.2 टक्के झाला.

‘फक्त स्थानिकांनाच काम’ अशी अट कायद्यात बसत नव्हती. म्हणून शाळांच्या जेवणाचं मोठं कंत्राट दही, अंडी, चीज, दूध असं तोडलं. एकट्या दह्याची निविदा छोट्या डेअरीलाही भरता येते. मंडईचं बांधकामही प्रेस्टनच्याच कॉनलन कंपनीने केलं.

आपल्याकडून नगरसेवक किंवा बचतगटांचा संघ जात असेल तर महिनाभर आधी प्रेस्टनच्या नगर परिषदेला पत्र पाठवा आणि नेमकं मागा: तोडलेल्या निविदेचा नमुना, उलाढालीची अट, अनामत रक्कम, बिल किती दिवसांत मिळतं. हा शेवटचा प्रश्न सोडू नका. बिल तीन महिने अडकलं की छोट्या पुरवठादाराचं खेळतं भांडवल संपतं आणि पुढच्या वर्षी तो निविदा भरतच नाही. तुकडे फार बारीक केले तर कागदपत्रांचा खर्च नफ्याहून जास्त होतो. आणि ज्या मालाचा गावात पुरवठादारच नाही, त्याची निविदा तोडून काही साधत नाही. यादी आधी, निविदा नंतर.

अर्धा दिवस हाताशी असेल तर रॉचडेल करा. मँचेस्टरहून ट्राम थेट गावात जाते. 31, टोड लेन इथे 21 डिसेंबर 1844 ला ‘रॉचडेल पायोनियर्स’ या सहकारी संस्थेने सभासदांच्या 28 पौंडांवर लोणी, साखर, पीठ, मेणबत्त्यांचं दुकान उघडलं. खरेदीच्या प्रमाणात नफावाटपाचा त्यांचा नियम सहकारातल्या माणसाने तिथे उभं राहून वाचावा असा आहे. तिथे आता संग्रहालय आहे, त्याच्या वेळा मात्र आधी तपासा.